रिठदला खिडकीतून पाहिलेलं जेवण

वाशीमला निघाले आहे म्हटल्यावर चिपळूणला आमच्या आळीत पहिला प्रश्न आला, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "माणसाला जेवू घालणारा रोबो." त्यावर सगळ्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की निवृत्तीनंतर बाईचं डोकं जरा हललेलं दिसतंय. खरं सांगायचं तर जाण्याआधी मलाही हा प्रकार थिल्लरच वाटत होता.

सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स म्हणून काढली. किती तोंडांत घास घातले याची मोजदाद नाही. पुण्याच्या एका संस्थेनं, ज्यांचे हात चालत नाहीत अशा लोकांना घरी वापरायला भरवणारी यंत्रं दिली होती. ती नीट वापरली जातात का, हे बघून यायला त्यांना माझ्यासारख्या रिकाम्या झालेल्या नर्स हव्या होत्या. वाशीम जिल्ह्यातली दोन घरं माझ्या वाट्याला आली. यंत्र त्या घरी कायम ठेवायचं की खोक्यात घालून परत आणायचं, हे मी ठरवायचं.

रोबो म्हणजे सिनेमातला चालता-बोलता माणूस नव्हे. टेबलावर बसवलेला, कोपरापासून पुढचा एक पांढरा हात. टोकाला चमचा, खाली चार खणांचं ताट. गालापाशी नाहीतर पायापाशी बटण बसवतात. ते दाबलं की हात चमचा भरतो, तोंडापाशी आणून थांबतो, घास घेतला की मागं जातो. नियमांचा कागद लांबलचक होता. पहिला नियम ठळक अक्षरांत: यंत्र चालू असताना रुग्णाजवळ जबाबदार व्यक्ती हजर हवी. हा मोडलेला दिसला तर यंत्र परत. मला तो नियम फार पटला. माणसाला माणसानंच भरवावं हे माझं मत, त्यातून यंत्र वापरायचंच तर निदान शेजारी कोणी असू दे.

वाशीम

ऑक्टोबर होता, आणि ऊन असं की आमच्याकडं वैशाखातही नसतं. मी सवयीनं छत्री उघडून स्टेशनाबाहेर आले, तर एक रिक्षावाला म्हणाला, "बाई, पानी तं गेलं." "ऊन आहे ना," मी म्हटलं. "हे कोठचं ऊन?" म्हणून तो हसला आणि मला न विचारता माझी पिशवी रिक्षात ठेवून मोकळा झाला. दुपारी स्टँडजवळच्या खानावळीत शेवभाजी मागवली. वर दोन बोटं तेलाची लाल तर्री. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून. मालकानं शांतपणे दह्याची वाटी आणून ठेवली. त्याला अशी गिऱ्हाइकं ओळखू येत असावीत.

पहिलं घर अब्दुलचाचांचं. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. "कोर्टातल्या अर्ध्या वकिलाईचे कोट म्या शिवले," हे त्यांचं पहिलं वाक्य. आता दोन्ही हात इतके थरथरतात की सुई सोडा, पाण्याचा पेलाही धरवत नाही. यंत्राला त्यांनी मुलाकडून सुटाच्या उरलेल्या कापडाची खोळ शिवून घेतली होती, अस्तरासकट.

मला धक्का बसला तो जेवण सुरू झाल्यावर. चाची, म्हणजे त्यांच्या बीबी, खोलीतच होत्या. पण चाचांकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून लसूण सोलत बसल्या होत्या. मला वाटलं, भांडण झालंय.

"भांडन काहून होईल?" चाचा म्हणाले. "म्याच सांगतलं, मी खाऊन राह्यलो तं इकडे पाहू नको. एक साल तिच्या हातानं खाल्लं. हात तिचा चांगला हाये. पन मले शरम येत होती, म्याडम. आता तुमीबी जरा तिकडे पाहा."

मग मीही पाठ फिरवली. तपासणीला आलेली मी आणि चाची, दोघी भिंतीकडं तोंड करून बसलो आणि मागून चमच्याचा बारीक आवाज येत राहिला. असली तपासणी मी आयुष्यात केली नव्हती. कागदावर बरोबरच्या खुणा केल्या, चहा प्यायले आणि निघाले. रस्ताभर मनात येत राहिलं की चाचीला काय वाटत असेल. चाचांच्या शरमेचा विचार तेव्हा मी केला नाही.

शिरपूर

रात्रीच्या मुक्कामाला शिरपूरला गेले. जुनं जैन देऊळ आणि धर्मशाळा असलेलं गाव, यात्रेकरूंची सवय झालेलं. धर्मशाळेत जेवण सूर्य मावळायच्या आत. साडेपाचला पानावर बसले तेव्हा पोटात वाशीमची शेवभाजी अजून जागी होती, तरीही गरम फुलके आणि साधं वरण सुखानं गेलं. व्यवस्थापक हौशी होते, मी काय काम करते ते त्यांनी पुरतं विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, "ताई, घरात माणूस नसेल त्याला ठीक आहे. माणूस असताना यंत्र कशाला?"

"अगदी माझ्या मनातलं बोललात," मी म्हटलं. पुढच्या काही दिवसांत हे वाक्य मला गिळता येईना, म्हणून इथं नोंदवते.

रिठद

रिठदच्या घरी मी परवा येणार असं कळवलेलं होतं. पण न सांगता गेल्याशिवाय खरं दिसत नाही, हा दवाखान्यातला जुना अनुभव. म्हणून एक दिवस आधीच सकाळी पोचले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडलेलं. रिक्षावाल्यानं सांगितलं की आता आठ दिवसांत सोंगणी, म्हणजे कापणी झाली नाही, तर शेंगा उभ्यानंच फुटतात आणि दाणा मातीत जातो. त्यामुळं गावात कोणी नव्हतं. म्हातारी माणसंसुद्धा वावरात. आमच्याकडं भातकापणीला लगबग असते, पण अख्खं गाव असं ओस पडलेलं मी पाहिलं नाही.

घर सापडलं. पत्र्याचं, पुढं ओटा, दारावर निळा झेंडा. दाराला बाहेरून हातभर मोठं कुलूप. मी परत फिरणार, तेवढ्यात आतून ओळखीचा बारीक घर्र आवाज आला. यंत्र चालू होतं.

"कोन हाये?" आतून बाईचा आवाज.

"मी पुण्याच्या संस्थेकडून आलेय. दार उघडा."

"दार नाही उघडत, म्याडम. कुलूप हाये. खिडकीकडून या, जय भीम."

बाजूच्या खिडकीला गज होते. त्यातून आत पाहिलं. दीड हातावर खाट. डोक्याकडचे पाय विटांवर चढवून उंच केलेले. त्यावर पस्तीस-छत्तीस वर्षांची बाई, नीट वेणी घातलेली, गळ्यापासून खाली निश्चल. हीच वनिता. सहा वर्षांपूर्वी ट्रॉलीवरून पडून मानेला मार लागलेला, हे मी कागदावर वाचलं होतं. उजव्या अंगाला टेबलावर यंत्र, डाव्या गालापाशी बटण, ओठांशी पाण्याची नळी. ताटाच्या खणांत भाकरीचा वरणातला काला, आंबाडीची भाजी, दही. घरात दुसरं कोणी नाही.

"किल्ली कोणाकडं आहे?"

वनितानं तोंडातला घास चावला, गिळला, मग म्हणाली, "सासूच्या पदराले. वावरात हाये."

"आणि नवरा?"

पुन्हा घास. पुन्हा माझं थांबणं. "तेबी वावरात."

माझा पारा चढायला लागला होता. बाई कोंडलेली, आणि उत्तरं मात्र सावकाश. मी गज धरून बोलत सुटले. आग लागली तर? साप निघाला तर? कुलूप कशाला? निदान दार उघडं ठेवून गेले असते.

या वेळी तिनं घास संपल्यावर माझ्याकडं नीट पाहिलं. "उघडं? मी अशी पडेल, हात हलत नाही, पाय हलत नाही, आन् दार सताड उघडं ठेवून जाव म्हंता? कोनीबी आत येईल, म्याडम. कुलूप लावा असं म्याच म्हंतलं."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बत्तीस वर्षं बायकांच्या वॉर्डात काढून आलं नव्हतं. लाज वाटली, आणि लाज वाटली की माझा राग वाढतो, हा माझा जुना दुर्गुण. तिनं गालानं बटण दाबलं, हात आला, तिनं घास घेतला आणि मी त्याच क्षणी म्हटलं, "तू म्हणालीस म्हणून काय झालं? तुला कोंडून जाताना त्या सासूला लाज नाही वाटत?"

ती उसळली. घास तोंडात असताना बोलली, "त्याईले काई बोलू—" आणि तिला ठसका लागला.

मानेखाली जोर नसलेल्या माणसाचा खोकलाही अर्धाच असतो. छाती साथ देत नाही. तिचा चेहरा लाल झाला, मग काळपट. प्रत्येक ठसक्याला डोकं हलायचं, गाल बटणावर आपटायचा, आणि यंत्र इमानेइतबारे नवा चमचा भरून तिच्या तोंडापुढं आणायचं. ती खोकतेय, चमचा ओठांवर. पुन्हा खोकतेय, पुन्हा चमचा. मी ओरडत होते, "मान उजवीकडं टाक, बाहेर सांडू दे!" पण उजवीकडं तो हात आडवा होता. दीड हातावर माणूस घुसमटतोय आणि मी गजांबाहेर. इतकी घाबरलेली मी कधीच नव्हते.

काखेत छत्री होती. ती गजांतून आत घातली आणि सगळा जोर लावून यंत्राला ढोसलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ते टेबलावरून खाली फरशीवर पडलं आणि कोपरात मोडलं. वनितानं मान उजवीकडं टाकली. काला उशीवर सांडला. ती दोन-तीनदा खाकरली, आणि मग तिचा श्वास नीट चालू झालेला मला ऐकू आला. मी खिडकीखाली मातीत बसले.

आवाज ऐकून शेजारच्या जैबूनबी धावत आल्या. गुडघ्यांमुळं त्या तेवढ्या गावात राहिलेल्या. त्यांनीच फोन लावला. मी उठून पुन्हा खिडकीशी गेले तर वनिता फरशीकडं बघत होती.

"काय केलं हे, म्याडम?"

"अगं, तुझा जीव गेला असता."

"ठसका मले पयल्यांदा नाही लागला. मान टाकली का सुटते. थोडा दम तरी धरा लागे." मग आवाज बारीक झाला. "माहा हात मोडला न तुमी."

ती म्हणते ते खरं की मी केलं ते, हे मला आजही ठरवता येत नाही. एक मात्र तिथंच कळलं. ती एकेक घास संपेपर्यंत उत्तर देत नव्हती तो उद्धटपणा नव्हता. तोंडात घास असताना बोलायचं नाही, हा नियम मी आयुष्यभर रुग्णांना शिकवला. एकटी असताना ती तो काटेकोर पाळायची, कारण एकटीच असायची. तिनं तो मोडला माझ्यामुळं. महिनोन् महिने न मोडलेला नियम जबाबदार व्यक्ती हजर झाल्यावर मोडला गेला.

गयाबाई, म्हणजे सासू, मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून आल्या. साठीच्या, काटक, लुगड्याला सोयाबीनचा भुसा लागलेला, हातात विळा तसाच. कुलूप काढलं, आत गेल्या. आधी ओल्या फडक्यानं सुनेचं तोंड, मान, वेणी पुसली. मग उशीची खोळ बदलली. मग मोडलेल्या यंत्राकडं पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडं. मी शिव्या खायला तयार होते.

"जेवल्या काय तुमी?" त्यांनी विचारलं.

त्यांनी भाकर आणि आंबाडीची भाजी वाढली. मी ती कशी खाल्ली ते आठवत नाही. आंबट होती एवढंच आठवतं. जेवण झालं. मग गयाबाईंनी विळा पुसून पत्र्याखालच्या वाशाला खोचला आणि मुलाला म्हणाल्या, "देवानंद, सोंगणीच्या टोळीले सांग, उद्यापासून एक बाई कमी."

वनितानं तोंड भिंतीकडं केलं. तिच्या हातात तेवढंच होतं.

रिठदचे पुढचे चार दिवस

संस्थेला फोन केला. यंत्र दुरुस्तीला पाठवा, अहवाल द्या, मग बघू, असं उत्तर मिळालं. गयाबाईंना मी म्हटलं, "उद्या तुम्ही वावरात जा. मी थांबते. मीच मोडलंय, मीच भरवीन." त्यांनी वाशाला खोचलेला विळा पुन्हा खाली काढला. मी धर्मशाळेतली पिशवी मागवून घेतली आणि जैबूनबींकडं मुक्काम टाकला.

भरवण्यात मी तरबेज, असा माझा समज. पहिल्या दिवशी तिसऱ्या घासालाच वनिता म्हणाली, "तुमच्या हाताले घाई हाये."

"घाई कुठं?"

"मी चावून राह्यली का तुमचा चमचा भरून तयार. मंग मले वाटते, लवकर गिळा लागते. थो हात थांबे. मी बटन दाबे तवाच ये."

हे मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. बत्तीस वर्षांत एकानंही नाही. ज्यांना भरवलं ते सगळे माझा चमचा बघून घाईनं गिळत होते की काय, हा विचार त्या दुपारी माझ्या डोक्यातून जाईना. नंतर चमचा वाटीत ठेवून, हात मांडीवर घेऊन मी बसायला शिकले. ती "हं" म्हणेपर्यंत उचलायचा नाही. अवघड होतं. दोनदा चुकले, दोनदा तिनं नुसतं पाहिलं.

तिसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं, "खरंच भीती नाही वाटत गं, आत एकटीला?"

"वाटते न. कायले खोटं बोलू?" ती म्हणाली. "पन पयले आमी दोघी कोंडल्या होतो. सा वर्सं माह्या सासूनं हा उंबरा नाही ओलांडला. ना लगनाले, ना नागपूरले दीक्षाभूमीवर, ना वावरात. मानसं म्हनत, किती चांगली सासू हाये. मले ऐकून मरून जावं वाटे. मशीन आली तवापासून मी एकटीच कोंडली राह्यतो. हे जास्त हाये का कमी, तुमीच सांगा."

संध्याकाळी गयाबाई वावरातून आल्या त्या ओट्यावरच मोठ्यानं बोलत आल्या. कोणाच्या वावरात किती पाथी, म्हणजे सोंगायच्या ओळी, झाल्या, कोणाची सून आळशी, ठेचा कसा झाला होता. वनिता मधे मधे विचारत होती आणि हसत होती. त्या घरात बाहेरची बातमी येते ती गयाबाईंच्या तोंडून, आणि ती यायची तर त्यांना बाहेर जावंच लागतं. शिरपूरच्या व्यवस्थापकांना माझ्या मनातलं बोललात असं मी म्हटलं होतं, ते आठवून मी मान खाली घातली.

पण नर्स ती नर्स. त्या काळपट चेहऱ्याचं काय, हा प्रश्न मी सोडला नाही. चौथ्या दिवशी सगळ्यांना बसवून बोलले. गालाचं बटण जीवघेणं आहे, ठसक्याबरोबर दाबलं जातं. वनितानंच सुचवलं, "कपाळाच्या वरते घ्या. तिथं मुद्दाम डोकं नेल्याबिगर लागत नाही." मग किल्लीचं. दुसरी किल्ली बाहेर कोणाकडंतरी हवीच. देवानंदनं दोन-तीन नावं घेतली, वनितानं प्रत्येकाला मान हलवून नाही म्हटलं. शेवटी म्हणाली, "जैबूनबीजवळ द्या. त्याईच्याच. त्याईच्या पोराजवळबी नाही." जैबूनबींनी किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून तिच्यादेखत गळ्यात घातली.

परत आल्यावर

चिपळूणला येऊन अहवाल लिहायला बसले. संस्थेनं मोडतोडीसाठी वेगळा छापील कागद पाठवला होता. त्यात प्रश्न होता: घटनेच्या वेळी रुग्णाजवळ जबाबदार व्यक्ती हजर होती का? मी लिहिलं: होती. मी स्वतः. पुढं कारण लिहायचं होतं. लिहिलं की रुग्णाच्या तोंडात घास असताना मी तिला बोलायला लावलं, आणि नंतर छत्रीनं यंत्र पाडलं. एरवी जवळ कोण असतं, या रकान्यात लिहिलं: शेजारीण जैबूनबी, हाकेच्या अंतरावर, किल्लीसह. यंत्र या घरी ठेवावं का? ठेवावं. बटण मात्र कपाळावर.

दोन दिवसांनी संस्थेतल्या साहेबांचा फोन आला. "ताई, म्हणजे दार बंद असायचं? आणि चूक तुम्ही स्वतःवर घेताय?"

"घेत नाहीये," मी म्हटलं, "माझीच होती. दाराचंही लिहिलंय, नीट वाचा."

त्यानंतर संस्थेनं मला कुठंही पाठवलेलं नाही. यंत्र दुरुस्त होऊन रिठदला गेलं, हे देवानंदनं फोन करून सांगितलं. एक दिवस सगळे घरी थांबले, वनितानं कपाळाच्या बटणाचा सराव केला. दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई दाराला कुलूप लावून हरभऱ्याच्या पेरणीला गेल्या.